द्राक्षं गोड, वाईन ‘ड्राय’

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला हंगामात एकच घोर असतो: गोडी किती भरली? मणी चुरडून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून ब्रिक्स वाचायचा. वाईनच्या द्राक्षांत हा आकडा २२-२४ पर्यंत चढू देतात. आणि एवढ्या गोड रसाची वाईन झाली, की बाटलीवर छापतात ‘ड्राय’! गंगापूर धरणाच्या अंगाला वाइनरी बघायला आलेले पाहुणे इथे हमखास अडखळतात.

साखर जाते यीस्टच्या पोटात. यीस्ट तिचं अल्कोहोल करतं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. म्हणजे १३ टक्क्यांच्या वाईनमागे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर फस्त झालेली असते. मागे जवळपास काही उरलं नाही, की वाईन ‘ड्राय’. युरोपच्या नियमात ही मर्यादा लिटरला ४ ग्रॅम आहे. आंबटपणा चांगला असेल तर थोडी सूट मिळते. रेड वाईनने जिभेला जी कोरड पडते ती टॅनिनची करामत. तिचा या ‘ड्राय’शी संबंध नाही, पण गल्लत बहुतेकांची होते.

शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला. दुष्काळाचा ‘ड्राउट’ त्याचाच सख्खा. वाईनला तो साखर आटली या अर्थाने चिकटला. फ्रेंचांचा ‘सेक’ही मूळचा कोरडाच. फजिती होते ती शॅम्पेनच्या लेबलवर. तिथे ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते! एकोणिसाव्या शतकात शॅम्पेन इतकी गोडमिट्ट असे, की जराशी कमी गोडही लोकांना ड्राय वाटे. पुढे चवी बदलल्या, नावं तशीच राहिली.

आपल्या ओळखीचा ‘ड्राय’ मात्र अमेरिकेतल्या दारूबंदीवाल्यांचा. १९२० ते १९३३ या काळात त्यांनी अख्खा देशच ड्राय करून दाखवला. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ‘ड्राय डे’ घरोघरी पोचला. २ ऑक्टोबरला गोड वाईनही मिळत नाही, ड्रायही नाही. २६ जानेवारीची गंमत और: दुकानांची शटरं खाली, तर इकडे तोडणीचा हंगाम सुरू. यीस्टला सुट्टी माहीत नाही. टाक्यांतला रस त्या दिवशीही फसफसतच असतो.