किशोर स्वास्थ्य कार्यक्रम, राष्ट्रीय
१० ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी केंद्र शासनाने ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू केलेला आरोग्यविषयक कार्यक्रम. पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा व इजा आणि असंसर्गजन्य रोग ही त्याची सहा क्षेत्रे होत. शासकीय रुग्णालयांतील किशोरस्नेही चिकित्सालयांत (महाराष्ट्रात ‘मैत्री क्लिनिक’) समुपदेशक सल्ला देतात. येथे खरा अडसर औषधांचा नसून संकोचाचा असतो. म्हणून गोपनीयतेस महत्त्व. तथापि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्तीशी संमतीने आलेला लैंगिक संबंधही अपराध ठरतो व तो पोलिसांना कळविणे समुपदेशकावर बंधनकारक असते. परिणामी जिला सल्ल्याची निकड अधिक, तीच मुलगी येथे येण्याचे टाळण्याचा संभव असतो. मानसिक ताणासाठी ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा (१४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.