कुत्र्यांतील केसगळती

कुत्र्याच्या अंगावरील केस विरळ होणे, जागोजागी गळून त्वचा उघडी पडणे किंवा केसांचा रंग, पोत व चकाकी बदलणे. केसगळती हा स्वतंत्र रोग नसून अनेक विकारांचे लक्षण आहे. म्हणून उपचारापूर्वी कारण निश्चित करणे आवश्यक असते.

नैसर्गिक गळती : प्रत्येक केस वाढतो, काही काळ स्थिर राहतो व गळून त्याच्या जागी नवा येतो. या चक्रावर मुख्यत्वे दिवसाच्या लांबीचा परिणाम होतो. जर्मन शेपर्डसारख्या दाट केसांच्या जातींत ऋतुबदलाच्या वेळी पुष्कळ केस गळतात. मात्र त्वचा उघडी पडत नाही. विणीनंतर अथवा तीव्र ज्वरानंतरची गळती बहुधा आपोआप भरून येते. मेक्सिकन हेअरलेस जातीची केसहीनता आनुवंशिक असून तिला कारणीभूत असलेला जीनमधील बदल २००८ मध्ये उघडकीस आला.

परजीवी व कवके : पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असल्यास शेपटीच्या बुंध्याजवळचे व पाठीच्या मागील भागावरचे केस गळतात. सार्कॉप्टिस स्केबिआय या माइटमुळे होणाऱ्या लुतीत कानांच्या कडा व कोपरे यांवर तीव्र खाज सुटते. डेमोडेक्स कॅनिस हा माइट निरोगी त्वचेतही अल्प संख्येने असतो. प्रतिकारशक्ती क्षीण झाल्यास त्याची वाढ होऊन केस गळतात, पण प्रारंभी खाज फारशी नसते. मायक्रोस्पोरम कॅनिस या कवकामुळे गजकर्ण होऊन वर्तुळाकार चट्टे पडतात. सार्कॉप्टिस माइट व हे कवक यांचा संसर्ग माणसासही होऊ शकतो.

अंतःस्रावी विकार : खाज नसताना दोन्ही कुशींवरील केस सारखेच विरळ झाल्यास अंतःस्रावी ग्रंथींच्या विकाराचा संशय येतो. अवटू ग्रंथीचा स्राव कमी पडल्यास वजन वाढते, आळस येतो व केस रुक्ष होतात. अधिवृक्क ग्रंथीच्या अतिस्रावात तहान व लघवी वाढते, पोट सुटते आणि त्वचा पातळ होते.

निदान व उपचार : त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, कवकाचे संवर्धन व रक्तातील हॉर्मोनांचे मापन यांनी निदान करतात. खाज शमविण्यासाठी निदानापूर्वीच स्टेरॉइडे दिल्यास डेमोडेक्सची लूत बळावते. आयव्हरमेक्टिन हे औषध लुतीवर गुणकारी असले, तरी कॉली व तिच्याशी संबंधित जातींतील अनेक कुत्र्यांना ते घातक ठरते. यामागील जीनदोष २००१ मध्ये निश्चित झाला. लुतीवर वापरलेले इंजिन तेल चोळण्याचा घरगुती उपायही अपायकारक आहे, कारण ते त्वचेतून शोषले जाते व कुत्रा ते चाटतो. कारण दूर झाल्यावर बहुतेक विकारांत केस पुन्हा येतात. मात्र त्यास काही महिने लागतात.