पडद्यामागचा दिवा

करड्या पडद्याचा कॅल्क्युलेटर काळोखात मुका होतो. आकडे पडद्यावर असतात, पण दिसत नाहीत, कारण त्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. खोलीतल्या दिव्याच्या उसन्या उजेडावर त्याचं चालतं. आलेख काढणारा ग्राफिंग कॅल्क्युलेटर त्याला अपवाद नव्हता. कॅसिओने १९८५ साली ‘एफएक्स-७०००जी’ आणला, तेव्हा त्याचा पडदा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा होता. चौदा वर्षांनी, १९९९ साली, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा ‘टीआय-८३ प्लस’ आला, त्याचेही ठिपके तेवढेच आणि पडदा तसाच बिनदिव्याचा. त्याच कंपनीचा रंगीत, आतून उजळणारा ‘एनस्पायर सीएक्स’ यायला २०११ उजाडलं. मधल्या काळात जगभरच्या हौशी मंडळींनी स्क्रू-ड्रायव्हर हाती घेतला आणि पडद्यामागे घरीच दिवा बसवला. या खटाटोपाकडे पोरखेळ म्हणून पाहण्याची रीत आहे. माझं म्हणणं असं की, तंत्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षाला इतकं स्वस्त आणि इतकं भरगच्च प्रात्यक्षिक दुसरं सापडणं कठीण आहे.

आधी पडदा काय आहे ते पाहू. त्याची गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या भायखळ्यात १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, स्थापन झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी प्रागमध्ये फ्रीडरिख रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला एक विचित्र पदार्थ आढळला. गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला तो पदार्थ सुमारे १४५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होई आणि १७९ अंशांच्या आसपास एकदम नितळ. मधल्या त्या गढूळ अवस्थेत तो द्रवासारखा वाहे आणि प्रकाशाशी मात्र स्फटिकासारखा वागे. हाच द्रवस्फटिक. त्याचा आपल्या ओळखीचा पडदा व्हायला १९७० साल लागलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे शाड्ट आणि हेलफ्रिख या संशोधकांनी दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाच्या रेणूंना पाव वळसा दिला. काचांच्या दोन्ही बाजूंना पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी फिल्म. वीज नसताना रेणू प्रकाशाची दिशा वळवतात आणि तो पलीकडे जातो. वीज दिली की रेणू ताठ उभे राहतात, प्रकाश अडतो आणि तिथे काळा ठिपका दिसतो. कॅल्क्युलेटरमध्ये मागच्या पोलरायझरलाच चंदेरी परावर्तक थर चिकटवलेला असतो. पुढून आलेला उजेड त्यावर आपटून परत येतो आणि आपण आकडा वाचतो.

म्हणजे हा पडदा उजेड निर्माण करत नाही, अडवण्याचं काम तेवढं करतो. म्हणून त्याची भूकही नगण्य, मायक्रोअँपिअरमध्ये मोजावी इतकी. पांढऱ्या एलईडीला मात्र जेमतेम उजेडासाठीही काही मिलीअँपिअर लागतात, हजारपटींनी जास्त. निर्मात्यांनी दिवा गाळला तो या हिशेबाने. ‘टीआय-८३ प्लस’मध्ये ‘एएए’ आकाराचे चार सेल बसतात, मिळून सहा व्होल्ट. एलईडी त्यातले साधारण तीन घेतो. उरलेले तीन ३३० ओहमच्या रेझिस्टरवर पडले की प्रवाह येतो नऊ मिलीअँपिअर. असे दोन एलईडी, प्रत्येकाला स्वतःचा रेझिस्टर, म्हणजे अठरा. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपास धरली, तर दिवा पंचावन्न तास पुरेल. रोज दोन तास अभ्यास केला, तर महिनाभरही नाही. सेल उतरत जातील तसा उजेड त्याआधीच मंदावेल, ते वेगळंच. आपल्याकडे अभियांत्रिकीच्या पोरांच्या दप्तरात असतो तो साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर या कामाचा नाहीच. तो सौरपट्टीवर आणि दीड व्होल्टच्या एका बटण सेलवर चालतो, आणि दीड व्होल्टला पांढरा एलईडी डोळाही उघडत नाही.

आता प्रत्यक्ष काम. मागचे स्क्रू काढून सर्किटची पाटी उलटी केली की काचेच्या पाठीवर चंदेरी-करडी फिल्म दिसते. सगळी कसोटी तिच्यापाशी. हेअर ड्रायरने ती किंचित कोमट करायची, ब्लेडच्या टोकाने एक कोपरा उचलायचा आणि जवळजवळ काचेला समांतर धरून सावकाश ओढायची. घाई झाली तर काच तडकते, नाहीतर काचेपासून सर्किटपर्यंत जाणारी पातळ पट्टी सुटते आणि पडद्यावरचे उभे स्तंभ कायमचे गायब होतात. उरलेला चीक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. परावर्तकाबरोबर मागचा पोलरायझरही निघून आलेला असतो, त्यामुळे त्या जागी साधा पोलरायझर लावावा लागतो. तो लावताना एक गंमत हाती येते: फिल्म काटकोनात फिरवली की पडदा उलटतो, काळ्यावर पांढरे आकडे उमटतात. प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचं पुस्तकातलं पान हातातल्या फिल्मवर असं एका क्षणात कळतं. त्यामागे प्रकाश पसरवणारी ॲक्रिलिकची पाटी आणि तिच्या कडेला एलईडी. बंद पडलेल्या मोबाइलच्या पडद्यातून अशी पाटी काढली, तर तिच्यावरचे बारीक ठिपके नीट पाहावेत. दिव्याजवळ ते विरळ असतात आणि दूर जावं तसे दाट होत जातात, कारण लांब पोचलेला थोडा उजेड जास्त प्रमाणात बाहेर काढायचा असतो. शेवटी दिव्याला वेगळं बटण हवं. कॅल्क्युलेटर आपोआप बंद होतो. हा दिवा तसा बंद होणार नाही, आणि दोन-अडीच दिवसांत सेल पिऊन टाकील.

पहिला आक्षेप उघड आहे: मोबाइलवर फुकट आलेख निघतो, मग ही उठाठेव कशाला? आलेखच हवा असेल, तर आक्षेप बिनतोड आहे. पण इथे आलेख हे निमित्त आहे. मोबाइलचा पडदाही मुळात याच तत्त्वावर उभा राहिला. फक्त तो उघडून, थर सुटे करून, पुन्हा जोडून चालता करणं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात नाही. कॅल्क्युलेटरचं आहे.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या परीक्षांत प्रोग्रॅम भरता येणारा कॅल्क्युलेटर सहसा चालत नाही, ‘गेट’ला तर कॅल्क्युलेटर संगणकाच्या पडद्यावरच मिळतो. ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो तो आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या गणिताला, आणि तिथेही आतून बदललेलं यंत्र परीक्षेच्या हॉलमध्ये नेणं शहाणपणाचं नाही. पर्यवेक्षकाला शंका आली तर दोष त्याचा नव्हे. हे सगळं मान्य. मात्र परीक्षेत चालत नाही म्हणून शिकण्यात चालत नाही, हा तर्क लावला, तर लेथ मशीनही वर्कशॉपबाहेर काढावं लागेल.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. निर्मात्याने विचारपूर्वक दिवा गाळला, तर आपण कोण शहाणे? उत्तर असं की निर्मात्याचा हिशेब त्याच्या काळाचा आणि सरासरी गिऱ्हाइकाचा होता. पांढऱ्या एलईडीमागचा निळा एलईडी पुरेशा तेजाने लागला १९९० च्या दशकात. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना त्याचं नोबेल मिळालं २०१४ साली. निळ्या एलईडीआधी पडद्यामागे बऱ्याचदा लावायची ती इलेक्ट्रोल्युमिनेसंट पट्टी, आणि तिला शंभर व्होल्टच्या घरातला एसी पुरवठा हवा. ‘एफएक्स-७०००जी’ बनवणाऱ्याकडे नऊ मिलीअँपिअरचा पांढरा दिवा नव्हताच. आज तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चिल्लर पैशांत मिळतो. साधन बदललं की हिशेब पुन्हा मांडायचा असतो. तो मांडूनही कुणी ‘दिवा नकोच, सेल जास्त दिवस टिकू देत’ असं ठरवलं, तर त्याचंही प्रात्यक्षिक पूर्ण झालं असं मी म्हणेन.

व्हीजेटीआय १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्याला गेली, पण तंत्रशिक्षण भायखळ्याने सोडलं नाही. साबू सिद्दीक कॉलेज आजही तिथेच आहे. ती पहिली तंत्रशाळा गिरण्यांच्या शहराने काढली, कारण चालत्या यंत्रासाठी ते उघडू शकणारी माणसं हवी होती. आताची यंत्रं चिकटवून बंद केलेली येतात. स्क्रू काढून उघडणारा जुना कॅल्क्युलेटर उघडता येणाऱ्या शेवटच्या काही यंत्रांपैकी एक. भायखळ्यातल्या एखाद्या प्रयोगशाळेत असे वीस जुने कॅल्क्युलेटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि मूठभर एलईडी ठेवले, तर त्यातल्या चार-पाच काचा नक्की तडकतील. तेवढा खर्च त्या वर्षाच्या फीमध्ये धरून ठेवावा.