सगळंच करायचं म्हणून दमछाक

घरगुती पदार्थ विकणाऱ्यांची दमछाक कामाच्या डोंगरामुळे होते, असं आपण सहज म्हणतो. बऱ्याचदा तिचं मूळ चार-पाच पक्क्या समजुतींत असतं.

गैरसमज : यादी जितकी लांब, तितकं गिऱ्हाईक जास्त.

दिवाळीच्या तोंडावर फराळवाल्या कुणाचंही दरपत्रक बघा. चकली-चिवड्यापासून सुरू झालेली यादी डिंकाचे लाडू, बिनसाखरेची करंजी करत थेट केकपर्यंत जाते. प्रत्येक नव्या ओळीमागे कुणीतरी विचारलेलं "तुम्ही हे नाही का करत?" असतं. पदार्थ वाढला की सामान, डबे, लेबलं आणि उरलेला माल वाढतो. हात तेवढेच राहतात.

वस्तुस्थिती : लिज्जत पापडचं उदाहरण महिला दिनाच्या भाषणांत इतकं वापरलं जातं, की त्यातला धंद्याचा भाग कुणी बघतच नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आधी त्या दोन प्रतींचे पापड करत : एक चांगला, एक स्वस्तातला. त्यांना मदत करणाऱ्या छगनलाल पारेख यांनी सल्ला दिला की एकच प्रत ठेवा आणि तिच्या दर्जात तडजोड करू नका. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. १९६२-६३ मध्ये ती १ लाख ८२ हजारांवर गेली. खाखरा, मसाले आले ते १९७० च्या दशकात. पुढे आगपेट्या, अगरबत्ती आणि चामड्याच्या वस्तूही करून पाहिल्या. ते उद्योग चालले नाहीत. ही बाजू भाषणांत कधी येत नाही.

गैरसमज : काम उरकत नाही, म्हणजे माणसं कमी पडतात.

वस्तुस्थिती : आधी काम नेमकं कुठे अडलंय ते शोधावं लागतं. लिज्जतला पहिल्या पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावं लागलं, कारण पापड वाळत नव्हते. तेव्हा लाटणाऱ्या दुप्पट केल्या असत्या तर ओल्या पापडांचा ढीग तेवढा दुप्पट झाला असता. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पावसाळ्यातही काम सुरू राहिलं.

फराळात ही अडण्याची जागा बहुतेक वेळा कढई असते. समजा, कढईच्या एका तासात दोन किलो चकली निघते आणि खर्च वजा जाता किलोमागे १२० रुपये सुटतात. त्याच तासात शेव चार किलो निघते, सुटतात किलोला ८० रुपये. दरपत्रकावर चकली फायद्याची दिसते; पण कढईचा तास चकलीला २४० रुपये देतो आणि शेवेला ३२०. म्हणून चकली बंद करा असं मी म्हणणार नाही. चकलीसाठी आलेलं गिऱ्हाईकच शेव नेतं. पण कढईच्या तासाला १०० रुपयेही न देणारा पदार्थ केवळ हौसेखातर यादीत असेल, तर तो काढायला हरकत नाही. आणि खोळंबा कढईऐवजी पॅकिंगला होत असेल, तर हा सगळा हिशेब पॅकिंगच्या तासावर नव्याने मांडायचा.

गैरसमज : एक मिनिट रिकामं गेलं म्हणजे नुकसान.

वस्तुस्थिती : ऑर्डरी ठरल्या वेळी येत नाहीत आणि प्रत्येकीला सारखा वेळ लागत नाही. अशा ठिकाणी रांग कशी वाढते याचं साधं गणित आहे. एक माणूस, सरासरी १५ मिनिटांचं काम. तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर नव्या कामाला सरासरी तासभर थांबावं लागतं. ९० टक्क्यांवर सव्वादोन तास. ९५ टक्क्यांवर पावणेपाच तास! म्हणजे शेवटच्या पाच-दहा टक्क्यांच्या हव्यासापायी सगळ्याच ऑर्डरी उशिरा जातात, आणि मग अर्धा दिवस "कधी मिळेल?"च्या फोनांना उत्तरं देण्यात जातो. वेळापत्रकातली मोकळी जागा आळसाची नसते.

गैरसमज : सुरुवातीची वर्षं रात्रंदिवस राबावंच लागतं.

सणाच्या आठवड्यात, हो. वर्षभर नाही. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेन्कावेल यांनी तपासल्या. आठवड्याला साधारण ५० तासांनंतर प्रत्येक जादा तासाचं उत्पादन घसरत गेलं होतं. ७० तास राबून हाती आलेलं काम ५६ तासांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. प्रकृतीचा हिशेब वेगळाच : जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासात, ३५-४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी अधिक आढळला.

गैरसमज : मोठी ऑर्डर कधी सोडू नये.

वस्तुस्थिती : पैसे कधी येणार हे विचारल्याशिवाय ऑर्डर मोठी की छोटी हे कळतच नाही. लिज्जतमध्ये पापड लाटणाऱ्या बायकांना मजुरी रोजच्या रोज मिळते, म्हणून वितरकांनाही माल रोखीने उचलावा लागतो. उधारी द्यावीच लागली तर सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीचा २००६ चा कायदा माहीत हवा. लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. त्यासाठी उद्यम नोंदणी आधी करून ठेवावी; ती मोफत आहे. मात्र हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला नाही.