दिव्यांग कलावंत, कलाप्रदर्शन आणि जव्हार-मोखाडा परिसर : एक विवेचन

दिव्यांग कलावंतांचे प्रदर्शन आणि दिव्यांगत्वाविषयीचे प्रदर्शन या दोन संकल्पना वरकरणी एकच वाटतात. प्रत्यक्षात त्यांत मूलभूत भेद आहे. पहिल्यात दिव्यांग व्यक्ती कर्ता असते, तर दुसऱ्यात ती पुष्कळदा केवळ विषय होऊन राहते. मदतनिधीसाठी भरणाऱ्या प्रदर्शनांत तर चित्रापेक्षा चित्रकाराच्या व्यंगाचीच माहिती ठळक अक्षरांत लावलेली आढळते. अशा वेळी ग्राहक कलाकृती घेतो की सहानुभूती व्यक्त करतो, हे सांगणे अवघड होते. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

याच जिल्ह्यातील गंजाडचे (ता. डहाणू) वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. बालपणी आईच्या मृत्यूनंतर त्यांची वाचा काही वर्षे बंद होती व मातीत चित्रे काढून ते आपले म्हणणे मांडत, अशी नोंद त्यांच्या चरित्रात आढळते. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. रूढ अर्थाने त्यांना दिव्यांग म्हणता येणार नाही. तथापि 'मुक्या मुलाची चित्रे' म्हणून ती मांडली गेली असती, तर त्यांच्या रेषेची चर्चा झालीच असती असे नाही.

मुंबईत २००६ मध्ये पार्थो भौमिक यांनी अंध व्यक्तींसाठी 'ब्लाइंड विथ कॅमेरा' हा छायाचित्रणाचा उपक्रम सुरू केला. आवाजाची दिशा, त्वचेला जाणवणारी उन्हाची ऊब आणि स्पर्श यांवरून अंध छायाचित्रकार अंतराचा व प्रकाशाचा अंदाज घेतो. प्रदर्शनात छायाचित्रासोबत उठावदार स्पर्शचित्र, ब्रेल मजकूर व ध्वनिवर्णनाची जोड असते. म्हणजे येथे अंध व्यक्ती कर्ताही आहे आणि प्रेक्षकही. हा दुसरा भाग आपल्याकडे सहसा विसरला जातो. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये 'अनुभव' हे स्पर्शदालन उघडले, तेही याच दिशेचे पाऊल होय. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये तर दिव्यांग कलावंतांना साहाय्य, दिव्यांगत्वाच्या इतिहासाचे संग्रहालय आणि कलेची सुगमता या तिन्ही बाबींचा स्पष्ट उल्लेख आहे.

जव्हार-मोखाड्यात कलादालन नसले, तरी स्पर्शाने जाणता येईल अशी कला येथे आधीपासून आहे. बोहाड्यातील देवदेवतांचे व असुरांचे मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असतात. नाकाचा उंचवटा, डोळ्यांच्या खोबणी, मुकुटाची कड हे सारे हाताला कळते. अर्थात मुखवटा हा पूजेचा विषय असल्याने तो सरसकट हाताळायला देता येणार नाही. स्थानिक कारागिरांकडूनच प्रतिकृती करवून घेणे उचित. वारली चित्राची अडचण वेगळी आहे. तांदळाच्या पिठाची रेषा बोटाला फारशी जाणवत नाही. परंतु वर्तुळ, त्रिकोण व चौकोन यांवरच आकृती उभी राहत असल्याने सुतळी चिकटवून किंवा मातीचा उठाव देऊन तिची स्पर्शप्रत सहज होऊ शकते. तारपा नृत्याची सर्पिल रांग तर बोटाने बाहेरून आत, तारपेकऱ्यापर्यंत नेता येईल. डोळस प्रेक्षकाला ती एका दृष्टिक्षेपात दिसते. बोटाला मात्र नाचणाऱ्यांच्या क्रमानेच चालावे लागते.

खरा अडसर जागेचा आहे. महाविद्यालयांची प्रदर्शने बहुधा वरच्या मजल्यावरील सभागृहात भरतात आणि जिना चढू न शकणारा कलावंत स्वतःच्याच चित्राच्या उद्घाटनाला खाली थांबतो. डोंगरातील पाड्यावरून तालुक्याला येण्यातच त्याचा दिवस जातो. तेव्हा प्रदर्शन तळमजल्यावर, शक्यतो आठवडे बाजाराच्या दिवशी भरवावे. चित्राखालच्या चिठ्ठीवर नाव, गाव, माध्यम व किंमत असावी. व्यंगाचा उल्लेख कलावंताची इच्छा असेल तरच करावा. ब्रेल न शिकलेल्या अंध प्रेक्षकांसाठी ध्वनिवर्णन हवे आणि ते प्रमाण मराठीबरोबरच वारली, कोकणा व ठाकरी बोलींतूनही ध्वनिमुद्रित करावे लागेल. हे काम त्या बोली घरी बोलणारे विद्यार्थीच करू शकतात.