शब्द कुठे संपतो?

आमच्या घरात दोन भाषा सुखाने नांदतात. मी मराठीचा अध्यापक. सौभाग्यवतींचे माहेर गोकाककडचे, मातृभाषा कन्नड. मुलगी दोन्हींवर वाढली. माझ्या आईला ती ‘आजी’ म्हणायची आणि आईच्या आईला ‘अज्जी’. त्या एका जोडाक्षरावरून कोणत्या घरची गोष्ट चालली आहे ते शेजारच्या खोलीतही कळायचे. सीमाभागातल्या वाचकांना यात काही नवल वाटणार नाही.

सासूबाई आता ७८ वर्षांच्या आहेत आणि दोन वर्षांपासून आमच्याकडेच असतात. नजर अधू झाली आहे, आठवणही मधूनमधून दगा देते. सकाळची गोष्ट दुपारी विसरतात, पण साठ वर्षांपूर्वीच्या चुलीभोवतीचा शब्द अचूक सांगतात. ते शब्द त्यांच्याबरोबर जाऊ नयेत म्हणून आम्ही एक वही घातली. स्वयंपाकघर, शेत, लग्नकार्य, आजारपण, जो विषय निघेल त्यावर त्या बोलायच्या आणि सौ. लिहून घ्यायची. कन्नड मजकूर कन्नड लिपीत, मराठी देवनागरीत. ‘बुट्टी’सारखे शब्द तर दोन्हीकडचे, त्यांचे गोत्र शोधायला कोण बसणार?

वही भरली तेव्हा इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या मुलीने ती सगळी संगणकावर उतरवली आणि म्हणाली, “बाबा, आता मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिते. वहीतला प्रत्येक शब्द वेगळा काढून तो अकारविल्हे यादी करून देईल.” संध्याकाळी छापील कागद तिने अज्जीच्या हातात ठेवला. सासूबाईंनी चष्मा सारखा केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारले, “एनव्वा इदु? माझे शब्द कुठे गेले?”

कागदावर शब्द नव्हतेच. ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ झाले होते. ‘कन्नड’चे ‘कन’ आणि ‘नड’. ‘बेळगाव’चे तीन तुकडे : ‘ब’, ‘ळग’, ‘व’. आणि ‘अज्जी’ शब्दाचे ‘अज’ व ‘ज’.

मुलगी ओशाळली. “पण मी चाचणी घेतली होती, बाबा. सगळे बरोबर येत होते.” कशावर घेतली होती, असे विचारले तर उत्तर आले, “एका इंग्रजी परिच्छेदावर.”

हा लेख त्या एका उत्तराबद्दल आहे.

संगणकाला शब्द कळत नाही

आपल्याला वाटते, शब्द म्हणजे काय हे संगणकाला ठाऊक असते. मजकुरावर दोनदा क्लिक केले की नेमका शब्द निळा होतो, कंट्रोल दाबून बाणाची कळ दाबली की कर्सर शब्दाशब्दाने उड्या मारतो. प्रत्यक्षात संगणकापुढे फक्त चिन्हांची रांग असते. त्यातली कोणती चिन्हे ‘शब्दाच्या आतली’ आणि कोणती ‘बाहेरची’, हे कुणी तरी माणसाने आधी सांगून ठेवलेले असते.

मुलीने ज्या पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिला, तिच्या नेहमीच्या शोधसाधनात ‘शब्दातले चिन्ह’ या खुणेचा अर्थ अक्षर, अंक किंवा खालची रेघ एवढाच आहे. युनिकोडमध्ये आपली काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताची खूण ही ‘अक्षरे’ नसून ‘चिन्हे’ या वेगळ्या वर्गात मोडतात. त्यामुळे जिथे मात्रा आली तिथे शब्द तुटला. इंग्रजीत मात्रा नाहीत, म्हणून इंग्रजी परिच्छेद सुखरूप पार पडला. मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच सुरीने कापल्या गेल्या. खरे तर युनिकोडची स्वतःची शिफारस या चिन्हांनाही शब्दात धरावे अशीच आहे. पण शिफारस आणि वापर यांत अंतर राहतेच.

यावर उपाय काय, असे विचारल्यावर मुलीने मला ‘इमॅक्स’ नावाचा संपादक, म्हणजे मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम, उघडून दाखवला. तो वयाने जवळजवळ माझ्या बरोबरीचा. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची सुरुवात केली. आजचा ‘ग्नू इमॅक्स’ १९८५ पासूनचा. त्यात प्रत्येक चिन्हाला जात ठरवून देणारा एक तक्ता असतो. हे चिन्ह शब्दाचे, हे विरामाचे, हे मोकळ्या जागेचे, हा उघडणारा कंस, हा मिटणारा, इथून अवतरण सुरू, इथून टिप्पणी सुरू. इंग्रजीत त्याला सिंटॅक्स टेबल म्हणतात. आपण त्याला चिन्हांचा पंचनामा म्हणू.

गंमत अशी की हा तक्ता कामाप्रमाणे बदलतो. साध्या मजकुरात इंग्रजी ‘डोन्ट’मधला वरचा स्वल्पविराम शब्दाच्या आतला मानला जातो, लिस्प भाषेतला प्रोग्रॅम लिहिताना तेच चिन्ह वेगळे काम करते. ‘आई-वडील’ घ्या. इमॅक्समध्ये शब्दाने उडी मारली तर दोन उड्या, कारण मधली जोडरेघ शब्दाची नव्हे; पण संपूर्ण पदाने उडी मारायची आज्ञा दिली तर एकच. कंसांचेही तसेच. अवतरणाच्या आत कुणी कंस लिहिला असेल तर तो मोजायचा नाही, नाही तर बाहेरच्या कंसाची जोडी चुकते. आपण वाक्य वाचताना हे नकळत करतो, तिथे ते एकेक करून सांगावे लागते.

शिवाय उडी कुठे थांबावी यावरही एकमत नाही. इमॅक्समध्ये पुढची उडी शब्दाच्या शेवटी थांबते. विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ती पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला जाते. ‘व्हीआय’ या दुसऱ्या जुन्या संपादकाने तर दोन्हींसाठी वेगळ्या कळाच ठेवल्या. यातले चूक कोणतेच नाही. आपले उत्तर कोणते, ते मात्र आधी ठरवावे लागते.

प्रश्न आणि ठरलेले उत्तर

ठरवून लिहून ठेवलेले हे उत्तर म्हणजेच चाचणी. इमॅक्समध्ये २०१२ पासून त्यासाठी ‘ईआरटी’ नावाचे साधन आलेले आहे. पद्धत अगदी शाळामास्तरांची. एक कोरा तात्पुरता कागद घ्यायचा, त्यावर नेमका मजकूर ठेवायचा, कर्सर ठरावीक जागी उभा करायचा, एक आज्ञा द्यायची आणि कर्सर कुठे पोचला ते ठरलेल्या उत्तराशी ताडून पाहायचे.

उदाहरणार्थ, ‘आई बाबा’ हा मजकूर. यात मोकळी जागा आणि काने धरून ७ चिन्हे आहेत. इमॅक्समध्ये कर्सर चिन्हावर नव्हे तर दोन चिन्हांच्या मध्ये उभा असतो, आणि पहिल्या चिन्हाच्या आधीची जागा १ क्रमांकाची. एक उडी मारली की उत्तर ३ यायला हवे, दुसरी मारली की ८. ते ५ आले, तर समजावे की ‘बाबा’ पहिल्याच कान्यापाशी तुटला.

अशा शंभर चाचण्या लिहिल्या तरी संगणक त्या खिडकी न उघडता क्षणात सोडवतो आणि नापास झालेल्यांची नावे सांगतो. आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली तरी सगळ्या पुन्हा घ्यायच्या, हे यातले खरे पथ्य आहे.

मात्र संगणक फक्त ताडून पाहतो. उत्तर माणसानेच ठरवायचे असते. आमच्या घरात ते ठरवायला अज्जी होत्या.

मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. “अज्जी, ‘आई-वडील’ हा एक शब्द का दोन?” सासूबाई म्हणाल्या, “ते कधी वेगळे असतात का ग?” एक, असे मुलीने लिहिले. मग वहीतली एक अडचण पुढे आली. सौ.ने ‘अडगीमनी’ कन्नड अक्षरांत लिहून त्याला मराठी ‘त’ देवनागरीत चिकटवला होता. अडगीमनीत, म्हणजे स्वयंपाकघरात. हा शब्द एक का दोन? इमॅक्सच्या नियमाप्रमाणे लिपी बदलली की शब्द बदलला, म्हणून दोन. युनिकोडच्या शब्दनियमाप्रमाणे मध्ये मोकळी जागा नाही, दोन्हीकडे अक्षरेच आहेत, म्हणून एक. दोन मोठे जाणकार, दोन उत्तरे! सासूबाईंनी तो शब्द एकदा तोंडाने म्हणून पाहिला. “एका दमात येतो. एकच.” तेही लिहिले.

अशा एकवीस चाचण्या झाल्या. मुलीने नियमात अक्षरांबरोबर मात्रांनाही जागा दिली आणि बहुतेक चाचण्या पास झाल्या. पण वहीच्या अर्ध्या भागात ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द अजून तुटत होते. कारण शोधायला दोन दिवस गेले. मराठीतला हा अर्धा र टंकण्याच्या दोन रीती आहेत. एका रीतीत त्याच्यामागे एक अदृश्य जोडखूण असते. ती ना अक्षर, ना मात्रा. आमच्या घरातल्या दोन की-बोर्डांच्या दोन रीती होत्या, दिसायला मात्र शब्द सारखाच. ‘रँक’सारखे शब्द कन्नडमध्ये लिहितानाही ही जोडखूण लागते. तिला आत घेतले, शब्द सांधले.

मग ‘आई-वडील’साठी जोडरेघही शब्दात घेतली, आणि काल पास झालेली चाचणी आज नापास झाली. संवादाच्या सुरुवातीची रेघ पहिल्या शब्दाला चिकटून यादीत शिरली. चाचणी नसती तर हे कुणाच्याही लक्षात आले नसते. शेवटी रेघेच्या दोन्ही बाजूंना अक्षर असेल तरच तिला आत घ्यायचे, असे ठरले. घरातल्या पाहुण्यांना आपण असेच तर नियम लावतो!

जुनीच विद्या

मला यात फार परके काही वाटले नाही. ऋग्वेदाचा शाकल्यांचा पदपाठ म्हणजे संधीत मिसळलेली पदे कुठे तुटतात याचे ठरवून ठेवलेले उत्तर. क्रम, जटा, घन या पाठांत तीच पदे उलटसुलट म्हणून घ्यायची, म्हणजे एक जरी चुकले तरी उघडे पडते. पाणिनीनेही पद कशाला म्हणावे हे शेवटी येणाऱ्या प्रत्ययांवरून बांधून दिले. आणि मोडी? तिच्यात शब्दांमध्ये जागा सोडायची रीतच नव्हती. शब्द कुठे संपतो ते वाचणाऱ्यानेच ओळखायचे.

जागतिक पातळीवर आज हे काम युनिकोडचे लोक करतात. त्यांच्या चाचणी-यादीत तुटायच्या जागी भागाकाराचे चिन्ह आणि न तुटायच्या जागी गुणाकाराचे चिन्ह छापलेले असते. संगणकाला ‘स्त्री’ ही सहा चिन्हांची रांग दिसते. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत नवा नियम आला, त्यानुसार देवनागरीतली ‘स्त्री’ ही एकच अखंड अक्षर मानली गेली. त्याआधी तिचे तीन तुकडे पडत. देवनागरीबरोबर बंगाली, गुजराती, मल्याळम, ओडिया आणि तेलुगू यांनाही तो नियम लागू झाला. त्या आवृत्तीतल्या सहा लिप्यांत कन्नड नव्हती. म्हणजे त्या नियमाप्रमाणे आमच्या वहीतली मराठी ‘स्त्री’ एक आणि कन्नड ‘स्त्री’ तीन तुकड्यांची! दोन्ही लिप्या रोज वापरणाऱ्या घरांच्या हे पटकन ध्यानात येते, कारण आपण एकच शब्द दोन्हीकडे लिहून पाहू शकतो.

भाषांचे स्वभावही असेच जोडीने पाहिले की कळतात. मराठीत ‘घरात आहेत’ म्हणायला दोन उड्या. कन्नडमध्ये ‘मनेयल्लिद्दारे’, एकाच उडीत माणसे घरात येऊन बसलेली.

वाचकहो, हे सगळे परक्या देशातल्या इंजिनिअरांचे काम म्हणून सोडून देण्यासारखे नाही. त्यांच्या हातून आपला शब्द तुटतो तो आकसाने नव्हे. तो शब्द त्यांच्यापुढे कुणी ठेवलेलाच नसतो. माझ्या मुलीनेही, स्वतःच्या अज्जीची वही समोर असताना, चाचणीला इंग्रजीच घेतली होती. आज घरी गेल्यावर आपल्या घरातले दहा शब्द फोनवर लिहा. जोडाक्षराचे, अर्ध्या र चे, जोडरेघेचे, दोन्ही लिप्यांतले. त्यांवर दोनदा बोट टेकवा, कर्सर पुढे-मागे न्या, आणि कुठे तुटतात ते मुलांना दाखवा. उत्तर काय हवे हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

गेल्या आठवड्यात नवी यादी छापून आली. या वेळी सौ.ने ती मोठ्याने वाचली आणि सासूबाई एकेका शब्दाला मान डोलवत गेल्या. ‘अज्जी’ आले तेव्हा मुलीकडे पाहून हसल्या. यादी संपल्यावर थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “एक राहिला बघ.” काय राहिला, ते त्यांना त्या दिवशी आठवले नाही. परवा सकाळी चहा घेताना आठवला. मुलीने तो लगेच वहीत लिहून घेतला. आता चाचण्या बावीस झाल्या आहेत.