बाई का रडल्या?

बाईंची बदली झाली आणि निरोपाच्या भाषणात त्यांना हुंदका आवरेना. तेव्हापासून तुझा एकच प्रश्न : "आजोबा, बाई तर मोठ्या आहेत, मग त्या का रडल्या?" सांगतो. आधी त्या खिडकीच्या चौकटीकडे बघ. कोपऱ्यात मातीचं लिंपण दिसतंय? ते कुंभारणीचं घर.

कुंभारीण म्हणजे बारीक कमरेची, काळी-पिवळी माशी. चिखलाची एकेक गोळी जबड्यात धरून आणते आणि बोटाच्या पेराएवढी खोली बांधते. मग कोळी पकडून त्याला नांगी मारते. कोळी मरत नाही, नुसता लुळा पडतो, म्हणून सडतही नाही. पहिल्या कोळ्यावर ती अंडं घालते, आणखी कोळ्यांनी खोली भरते, तोंड चिखलानं बंद करते आणि निघून जाते. अळी ती ताजी शिदोरी खाते, कोशात जाते आणि एके दिवशी पंख घेऊन भिंत कुरतडून बाहेर येते. आई तिनं कधीच पाहिलेली नसते. तरी ती मादी असेल, तर आईसारखंच घर बांधते!

फ्रान्समध्ये झाँ आंरी फाब्र नावाचे एक मास्तर होते. त्यांनी अशाच एका कुंभारणीच्या खोलीतून अंडं काढून घेतलं. ती कोळी आणतच राहिली आणि शेवटी ती खोली व्यवस्थित लिंपून गेली. आत लेकरू आहे की नाही, हे तिनं पाहिलंच नाही. तिला पाहायची गरजच नसते. घर कसं बांधायचं, हे तिचं पिल्लू जन्मतःच घेऊन येतं.

माणसाच्या पोराचं तसं नाही गं. हातच्याची बेरीज उपजत येत नाही. त्यासाठी कुणीतरी रोज समोर उभं राहून बघावं लागतं : ही हातचा विसरते, त्याला फळा नीट दिसत नाही, तो आज डबा न आणता आलाय. अशी वर्षं गेली की मुलं मास्तरांच्या अंगवळणी पडतात. मीही शाळा सोडली आहे, म्हणून सांगतो. नव्या गावात हजेरी घेताना कितीतरी दिवस माझ्या तोंडी जुन्याच पोरांची नावं यायची. घसा दाटायचा.

पण बाई रिकाम्या हातानं गेल्या नाहीत. फाब्र मास्तर 1842 मध्ये कार्पांत्रा गावच्या शाळेत लागले. जमीन मोजायला शिकवायचं म्हणून पोरांना माळावर नेलं, तर पोरं मोजणी सोडून दगडांपाशी वाकलेली! दगडांवर एका माशीनं मातीची घरं बांधली होती आणि पोरं काडीनं त्यातला मध चोखत होती. मास्तरांनीही चाखला. मग त्या माशीची माहिती मिळावी म्हणून अख्ख्या महिन्याचा पगार घालून कीटकांचं पुस्तक घेतलं. पुढे ती शाळा सुटली, पण पोरांनी लावलेला नाद सुटला नाही. 1879 पासून त्यांनी कीटकांवर दहा खंड लिहिले.

तेव्हा बाईंना पत्र लिही. "आठवण येते" एवढ्यावर थांबू नकोस. या खिडकीत तू काय पाहिलंस, तेही कळव. नव्या वर्गात त्या ते शिकवतील.